साप कोणी ठेवला?

खेळ खेळणारा दुसऱ्याने घातलेले नियम पाळतो. खेळ बनविणारा ते स्वतः लिहितो. महागड्या शाळांत आता आठवी-नववीची मुले सत्राअखेरीस प्रकल्प म्हणून संगणकावरचा खेळ तयार करून दाखवितात. देवळी, समुद्रपूर, आर्वीच्या वस्त्यांतील आमच्या मुलांनी ते का करू नये?

हा प्रश्न आम्ही वर्ध्यातूनच विचारतो, कारण ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच गांधीजींची शिक्षण परिषद भरली आणि सूतकताईसारख्या हस्तोद्योगाला शिक्षणाचा कणा ठरविले गेले. श्रमाला प्रतिष्ठा हवीच. पण ज्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या श्रमच चिकटले होते, त्यांना लेखणी हवी होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंग आहे, आणि दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकणेही आहे. कागदावर दोन्ही सर्वांना! संगणक नसलेल्या शाळेत यातले काय उरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. २०१६ च्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत २० लाखांचे अनुदान होते, पण मैदानी भागात १५०० चौरस फूट जागेची अटही होती. चार खोल्यांत सात वर्ग भरविणाऱ्या शाळेने तो अर्ज कोणत्या तोंडाने भरावा?

मात्र संगणक येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे आम्हाला मान्य नाही. पुठ्ठा, फासा आणि चिंचोके पुरेत. सापशिडी घराघरांत आहे. तिचे जुने रूप मोक्षपट: पुण्याच्या शिडीने वर, पापाच्या सापाने खाली. गंमत पाहा, दान फासा टाकतो आणि खाली पडणाऱ्याला सांगितले जाते की हे तुझेच पाप! जन्माने माणसाला खाली ढकलून पूर्वकर्माकडे बोट दाखविणारी व्यवस्था याहून वेगळे काय करीत आली? पोरे हसत-खेळत ते गिळतात.

म्हणून नववीच्या मुलीने शिष्यवृत्तीच्या अर्जाचा पट करावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते अशी घरे. एका घरात ‘साहेब जागेवर नाहीत’, एक डाव थांबा. दुसऱ्यात ‘मुदत संपली’, सरळ पहिल्या घरात. वर्गाने तो खेळावा, आणि मग गुरुजींनी विचारावे: हा साप कोणी ठेवला? कोणता नियम बदलला तर तो निघेल? मुलीने नियम बदलून पट पुन्हा मांडावा. आमच्या वकिली धंद्यात कायद्यातील दुरुस्ती म्हणतात ती हीच. गुण चित्राच्या रंगाला देऊ नयेत, या दुरुस्तीला द्यावेत.

अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळांत याच सत्रापासून हे सुरू करता येईल. आठवीपर्यंतच्या सरकारी शाळांत शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात. त्या पालकांनी पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडावेत: सत्राअखेरीस खेळाचा प्रकल्प, आणि शाळेला संगणक. ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावेत, आणि प्रत मागावी.