वृद्धाश्रमातून रुग्णालयात जाणारे घटले, म्हणजे सगळे ठणठणीत का?

सोलापूर : साथ आली की वृद्धाश्रमांतून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या वाढेल, असंच कोणालाही वाटेल. कोरोनाच्या पहिल्या लाटेत इंग्लंड आणि कॅनडात मात्र उलट चित्र दिसलं. तिथल्या नर्सिंग होममधून रुग्णालयात जाणारे घटले. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी रुग्णालय, तिकडे ज्येष्ठांचं निवासी देखभाल केंद्र.) मृत्यू मात्र घटले नाहीत. कॅनडात पहिल्या लाटेतील कोरोनाबळींपैकी सुमारे ८० टक्के अशा केंद्रांत राहणारे होते.

मग घट कशामुळे? ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या. रुग्णालयातच संसर्ग होईल या भीतीने अनेकांना जागेवरच ठेवलं गेलं. पण पडून खुब्याचं हाड मोडणं किंवा हृदयविकाराचा झटका साथ संपेपर्यंत थांबत नाही. त्यात उतारवयात कोरोना ओळखणंही अवघड. ताप नसतो, आजी अचानक असंबद्ध बोलतात, जेवण सोडतात किंवा तोल जाऊन पडतात. 'वयोमानाने होतं' म्हणून दोन दिवस गेले की ऑक्सिजन खाली आलेला असतो.

महाराष्ट्रात वेगळा प्रकार घडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यात खडवलीजवळच्या मातोश्री वृद्धाश्रमात ६० हून अधिक जण बाधित आढळले. बहुतेकांचे लशीचे दोन्ही डोस झाले होते. बाधितांना ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात हलवण्यात आलं. एकत्र जेवण, सामायिक स्वच्छतागृहं आणि सगळ्यांकडे जाणारे तेच कर्मचारी असले की संसर्ग पसरायला वेळ लागत नाही.

सोलापुरात असं झालं तर भार पडेल 'सिव्हिल'वर, जिथे शेजारच्या जिल्ह्यांतले आणि कर्नाटकातले रुग्णही येतात.

कायदा ज्येष्ठांच्या बाजूने आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार सरकारी रुग्णालयांत त्यांच्यासाठी शक्यतो खाटा आणि वेगळी रांग हवी. कोरोनाकाळात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी, आणि मार्च २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांनाही ज्येष्ठांना प्राधान्य द्यायला सांगितलं. अडतं ते दाखल करताना. सोबत सही करणारा नातेवाईक नसेल तर वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने आधीच घेतलेलं संमतिपत्र, औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट उपयोगी पडतात.

परतीचा प्रवासही जोखमीचा. मार्च २०२० मध्ये इंग्लंडने खाटा मोकळ्या करण्यासाठी अनेक ज्येष्ठांना चाचणीविना केंद्रांत पाठवलं. हे धोरण बेकायदा होतं, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. परतणाऱ्यांसाठी वेगळी खोली आज इथल्या किती वृद्धाश्रमांत आहे?