वाद घालावा तर असा!

मतं जुळली की मैत्री जमते, असं आपण सर्रास म्हणतो. गुस्ताव फ्लोबेर आणि जॉर्ज सांद या फ्रेंच लेखकांची पत्रं वाचली, की मला त्याच्या नेमकं उलट वाटू लागतं.

१८६३ साली सांदबाईंनी फ्लोबेरच्या 'सालांबो' या कादंबरीवर कौतुकाचा लेख लिहिला. त्याने आभाराचं पत्र धाडलं, आणि पुढे तेरा वर्षं हे टपाल चालू राहिलं. बाई त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठ्या. तो त्यांना 'शेर मेत्र' लिही. यातला 'मेत्र', म्हणजे गुरुजी, पुल्लिंगी. विशेषण मात्र स्त्रीलिंगी. आपल्याकडे कुणी 'लाडकी गुरुजी' लिहावं, तसं!

तो सीनकाठच्या क्रुआसेत राहणारा एकटा जीव, एकेका वाक्यासाठी दिवस घालवणारा. बाई नोआँच्या वाड्यात, मुलाबाळांच्या गोतावळ्यात. रात्री बसून भराभर पानं लिहून मोकळ्या. तो म्हणे, लेखकाने आपल्या लेखनात कुठेही दिसू नये. बाई विचारत, मग तुझं काळीज वाचकाला कळायचं कसं?

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाचे सैनिक त्याच्या घरात राहून गेले. पाठोपाठ पॅरिस कम्यूनचा रक्तपात झाला. सामान्य माणसावरचा त्याचा विश्वासच उडाला. बाईही खचल्या होत्या, पण माणसाला टाकून द्यायला तयार नव्हत्या. त्यांनी एका दैनिकात आपल्या मित्राला जाहीर उत्तर दिलं. मित्राचं नाव मात्र छापलं नाही. मला या पत्रव्यवहारातली ही सभ्यता फार मोलाची वाटते.

१८७५ मध्ये भाचजावयाचा धंदा बुडाला. त्याला वाचवताना फ्लोबेरही कफल्लक होत आला. खचलेल्या मित्राला बाईंनी लिहिलं, त्याचा आशय असा: तू वाचकाला उदास करतोस, मी त्याला धीर देते.

यावर फ्लोबेरने एक गोष्ट लिहायला घेतली. फेलिसिते नावाच्या मोलकरणीची. आयुष्यभर ती दुसऱ्यांवर माया करते. शेवटी उरतो एक पोपट. गोष्ट बाईंसाठीच होती. ती पुरी होण्याआधी, ८ जून १८७६ रोजी, बाई गेल्या. अंत्यविधीला तो ढसाढसा रडला.

१८७७ साली ती गोष्ट प्रसिद्ध झाली. तिच्यात लेखक कुठेही मध्ये येऊन बोलत नाही. आपला नियम त्याने मोडला नाही. तरी फेलिसितेचा शेवट वाचताना डोळे भरून येतात. तेव्हा वादात जिंकलं कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.