शिधापत्रिका आणि घरखर्चाचे गणित

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार ‘प्राधान्य कुटुंब’ या गटातील, म्हणजे उत्पन्नाच्या निकषावर निवडलेल्या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा 5 किलो, तर अतिगरिबांसाठीच्या अंत्योदय गटातील कुटुंबाला एकत्रित 35 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. महाराष्ट्रात केशरी शिधापत्रिका हाती असली की धान्य मिळणारच, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात लाभार्थी यादीत नाव असावे लागते, आणि अनेक गरजू कुटुंबे नेमकी येथेच अडतात, ही या व्यवस्थेतील गंभीर उणीव होय. नाव आहे की नाही, याची चौकशी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात करता येते. ऊसतोड किंवा बांधकामासाठी स्थलांतर करणाऱ्यांना ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे कामाच्या गावीही अंगठ्याचा ठसा देऊन धान्य उचलता येते.

पाच जणांच्या प्राधान्य कुटुंबाला असे 25 किलो गहू-तांदूळ मिळाले, तर वाणसामानाचे पैसे तूरडाळ, तेल, शेंगदाणे आणि भाजीपाल्याकडे वळवता येतात, आणि मुलांच्या ताटात प्रथिने वाढतात. धान्य घेताना ई-पॉस यंत्राची पावती मागून घ्यावी व वजन तिच्याशी ताडून पाहावे.