हायब्रिडचा अॅव्हरेज आणि यवतमाळचे रस्ते

‘हायब्रिड घेतली की अॅव्हरेज अठ्ठावीस’ असे ऐकून शोरूमला जाणाऱ्यांनी आधी एक बघावे: हायब्रिड कोणती? माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड थोडे अंतर निव्वळ विजेवर जाते, पण तिला प्लग नाही. घरच्या बोर्डावर चार्ज होते ती प्लग-इन. आपल्याकडे ती आजवर मुख्यतः बीएमडब्ल्यूसारख्या महागड्या गाड्यांतच आली.

दुसरा गैरसमज: लांबच्या प्रवासात हायब्रिडचा फायदा जास्त. वस्तुस्थिती उलट आहे. ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवणे, ही हायब्रिडची मोठी कमाई. ती दत्त चौकाच्या गर्दीत होते. नागपूरच्या सुमारे दीडशे किलोमीटरच्या हायवेवर एका वेगाने जाताना ब्रेक लागतोच किती? ग्रँड व्हिटाराचा २७.९७ हा आकडा प्रयोगशाळेत रोलरवरचा, ताशी ९० च्या आतला. शिवाय तिच्या बॅटरीत मावते जेमतेम पाऊण युनिट वीज. मे महिन्याच्या उन्हात एसी लावून उभे राहिलात, तर थांबलेले इंजिन काही मिनिटांत पुन्हा सुरू होते.

प्लग-इनबद्दल समज असा की चार्ज करा, न करा, पेट्रोल वाचणारच. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत २०२३ ची साधी प्रायस हायब्रिड लिटरला सुमारे २४ किलोमीटर देते. तिचीच प्लग-इन बहीण बॅटरी संपल्यावर २२ देते, कारण साडेतेरा युनिटांच्या बॅटरीचे ओझे वाहावे लागते. पेट्रोल करोला मात्र १५ वरच राहते. म्हणजे प्लग-इन वाईट नाही, पण तिचे खरे मोल रोज चार्ज करण्यात आहे. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचे कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघाले. लोक पुरेसे चार्ज करतच नव्हते. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत ही तफावत २० टक्क्यांच्या आसपास होती.

‘विजेवर चालली म्हणजे धूर नाही’ हेही अर्धेच खरे. आपल्या जिल्ह्यात वणीला कोळसा निघतो, शेजारी चंद्रपूरला तो जळतो. देशात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड सुटतो. युनिटला साडेपाच किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो सुटतो. म्हणजे १५ च्या अॅव्हरेजला साधारण १५५ आणि २० देणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडला ११५ ग्रॅम. छतावर सोलर असेल आणि दिवसा चार्जिंग होत असेल, तर मात्र प्लग-इनला तोड नाही.

आता खिशाचे. वर्षाला १२,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये, अॅव्हरेज १५ ऐवजी २० धरा. वाचते २०० लिटर, म्हणजे २१,००० रुपये. किमतीत दोन लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला साडेनऊ वर्षे लागतात. दिवसभर गावात फिरणाऱ्याने स्ट्राँग हायब्रिड जरूर घ्यावी. ज्यांचे फिरणे कमी आणि तेही बहुतेक हायवेवर, त्यांना साधी पेट्रोल गाडीच परवडते.