औषधांच्या पेटंटची वकिली

औषधनिर्मिती आणि जैवतंत्रज्ञान या क्षेत्रांतील पेटंटचे खटले लढवणाऱ्या वकिलांचा स्वतंत्र वर्ग भारतात उभा राहिला तो प्रामुख्याने २००५ नंतर, आणि त्याचे कारण कायद्यातच आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थाला पेटंट नाकारून तो तयार करण्याच्या प्रक्रियेलाच संरक्षण दिले होते. त्यामुळे तेच औषध निराळ्या प्रक्रियेने बनवणाऱ्या कंपनीला अडवता येत नसे, आणि देशी औषध उद्योग या तरतुदीच्या बळावर वाढला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून खुद्द पदार्थच पेटंटयोग्य ठरला आणि वाद प्रक्रियेकडून रेणूकडे सरकला.

पेटंटच्या दस्तऐवजाच्या अखेरीस ‘हक्कदावे’ असतात, म्हणजे शोधाच्या नेमक्या कोणत्या भागावर मालकी सांगितली आहे हे क्रमवार मांडणारी वाक्ये. प्रतिवादीचे उत्पादन या हक्कदाव्यांच्या कक्षेत येते काय आणि मुळात ते पेटंट वैध आहे काय, या दोन प्रश्नांभोवती खटला फिरतो. प्रतिवादी बहुधा दोन्ही मुद्दे लढवतो, कारण कलम ६४ नुसार पेटंट रद्द करण्याची मागणी त्याला प्रतिदाव्यातून करता येते.

पेटंटधारक रॉश आणि मुंबईची सिप्ला या औषध कंपन्यांमधील एर्लोटिनिब या फुप्फुसाच्या कर्करोगावरील औषधाचा खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. निकाल लागेपर्यंत विक्री थांबवणारा अंतरिम मनाई हुकूम दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये नाकारला, तेव्हा सिप्लाच्या औषधाची कमी किंमत आणि रुग्णांचे हित हेही विचारात घेतले गेले. एकाच संयुगाची घनस्थितीत निरनिराळी स्फटिकरूपे असू शकतात; सिप्लाचे औषध ‘बी’ या स्फटिकरूपाचे असल्याने ते हक्कदाव्याच्या कक्षेत येत नाही, असे २०१२ मध्ये एकल न्यायाधीशांनी ठरवले. २०१५ मध्ये खंडपीठाने मात्र हक्कदावा मूळ संयुगाचा असल्यामुळे त्याचे कोणतेही स्फटिकरूप त्यात मोडते, असा अर्थ लावून उल्लंघन मान्य केले, परंतु पेटंटची मुदत २०१६ मध्ये संपत असल्याने मनाईऐवजी विक्रीचा हिशेब देण्याचा आदेश दिला. औषध तेच राहिले, हक्कदाव्याचे वाचन बदलले आणि निकाल उलटला; हे वाचन न्यायालयाला पटवून देणे हेच या वकिलाचे मुख्य कौशल्य होय.

वैधतेच्या वादात कलम ३(ड) निर्णायक ठरते, कारण ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता लक्षणीय वाढत नसेल, तर ते रूप हे कलम पेटंटयोग्य मानत नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाबाबत १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने औषधाच्या संदर्भात परिणामकारकता म्हणजे रोगावरील उपचाराची परिणामकारकता असा अर्थ लावला, आणि औषध शरीरात सुमारे ३० टक्के अधिक उपलब्ध होते हा पुरावा त्या कसोटीला अपुरा ठरवला. प्रयोगशाळेतील कोणता आकडा कायद्याच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे ओळखण्यासाठी वकिलाला शास्त्रज्ञांची प्रतिज्ञापत्रे बारकाईने वाचावी लागतात आणि विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञाची उलटतपासणीही घ्यावी लागते.

न्यायालयात उभे राहण्यासाठी कायद्याची पदवी आणि वकील परिषदेकडील नोंदणी लागते, विज्ञानाच्या पदवीची सक्ती नाही. पेटंट एजंट होण्यासाठी मात्र विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि शासकीय परीक्षा आवश्यक असते, आणि अशा एजंटाला पेटंट कार्यालयापुढे काम चालवता येते. त्यामुळे रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र वा जैवतंत्रज्ञान शिकून पुढे कायद्याकडे वळणाऱ्यांना येथे दोन्ही वाटा खुल्या होतात. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही व्यक्ती त्याला विरोध नोंदवू शकते, आणि या विरोधाचे कामही याच व्यवसायाचा भाग आहे; मार्च २०२३ मध्ये बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या क्षाररूपासाठी जॉन्सन अँड जॉन्सनने केलेला अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला, तेव्हा विरोधकांत क्षयरोगातून बऱ्या झालेल्या रुग्णांचाही समावेश होता.

सजीव पेशींत तयार होणाऱ्या जैविक औषधांमुळे हे काम आणखी अवघड होत आहे, कारण दोन उत्पादकांची अशी औषधे रासायनिक गोळ्यांप्रमाणे तंतोतंत सारखी नसतात आणि किती साम्य असले म्हणजे उल्लंघन ठरते, हा प्रश्न प्रत्येक खटल्यात पुराव्यानिशी सोडवावा लागतो.