आरोग्य केंद्र किती दूर?

सर्वांना सारखे वाटून दिले की विषमता नाहीशी होते, असे आपण सहज धरून चालतो. सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा आपल्याकडे नियोजनाचा मापदंड आहे. डोंगराळ व आदिवासी भागासाठी तो २०,००० ठेवला आहे. म्हणजे दुर्गम भागाला झुकते माप आहेच. पण ते पुरते का? हे पाहण्यास वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र पुरेसे आहे.

२०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला महाराष्ट्रात ३६५ माणसे होती, गडचिरोली जिल्ह्यात ७४. ३०,००० ला ३६५ ने भागले की ८२ चौ. कि.मी. येतात. हे क्षेत्र वर्तुळाकार मानून केंद्र मध्यभागी ठेवले, तर त्रिज्या ५.१ कि.मी. होते. गडचिरोलीत २०,००० भागिले ७४, म्हणजे २७० चौ. कि.मी.; त्रिज्या ९.३ कि.मी.! सवलत देऊनही कडेच्या गावाचे अंतर जवळजवळ दुप्पट. शिवाय रस्ता त्रिज्येसारखा सरळ नसतो आणि पावसाळ्यात नाले आडवे येतात.

गोम वर्गमुळात आहे. अंतर निम्मे करायचे तर केंद्रे दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात. तितके डॉक्टर आणायचे कोठून?

गडचिरोलीतच डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रश्न उलटा मांडला: डॉक्टरवाचून कोणती कामे होऊ शकतील? नवजात बालकाचा आजार तासांच्या हिशेबाने वाढतो, म्हणून १९९५ पासून ३९ गावांत थोड्या शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन व तापमान घेणे, त्याला उबेत ठेवणे, जंतुदोष ओळखून प्रतिजैविक देणे ही कामे त्या घरी जाऊन करू लागल्या. नवजाताचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असले, तर तो धोक्याचा इशारा समजतात. मोजता न येणाऱ्या दाईंसाठी संस्थेने एक साधे उपकरण बनविले होते: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि दर दहा श्वासांना सरकवायचा एक मणी. प्रयोगशाळेत याहून सुटसुटीत गणित्र क्वचितच पाहायला मिळेल.

तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात सेवेचे काम देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे सोपविले.

अडलेल्या बाळंतपणाला मात्र शस्त्रक्रियाच लागते. तेथे अंतर चुकत नाही. सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी आदिवासी भागातला मापदंड ८०,००० लोकांचा आहे. गडचिरोलीत त्याची त्रिज्या किती येईल, ते वाचकांनी काढून पाहावे.