निषेधाची किंमत कोणी मोजायची?

एखाद्या सरकारचा, संस्थेचा किंवा धोरणाचा निषेध म्हणून संगणकयंत्रणेत घुसखोरी करणे, तेथील माहिती चोरणे आणि ती जगापुढे उघडी टाकणे, या प्रकाराने गेल्या दीड दशकात राजकीय विरोधाच्या साधनांमध्ये आपली जागा निर्माण केली आहे. हॅकिंगचे तंत्र राजकीय वा सामाजिक उद्दिष्टासाठी वापरण्याच्या या प्रकाराला हॅक्टिव्हिझम म्हणतात आणि ही संज्ञा १९९०च्या दशकात अमेरिकेतील ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या हॅकरगटातून पुढे आली. खंडणीसाठी माहिती चोरणारा गुन्हेगार आणि हॅक्टिव्हिस्ट यांच्यातील फरक हेतूचा असतो, कारण एकाला पैसा हवा असतो, तर दुसऱ्याला अन्यायाकडे लक्ष वेधायचे असते. मात्र ज्या सामान्य माणसाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक उघड्यावर येतात, त्याच्या दृष्टीने या फरकाला फारसा अर्थ उरत नाही.

हॅक्टिव्हिझमचे तीन प्रकार सर्रास आढळतात. पहिल्या प्रकारात संकेतस्थळाचे मुखपृष्ठ बदलून तेथे स्वतःचा संदेश झळकवला जातो. जून २०२२ मध्ये ठाणे पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या भारत-पाक संघर्षाच्या काळात, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर हेच घडले. दुसऱ्या प्रकारात एकाच वेळी असंख्य यंत्रांवरून मागण्यांचा मारा करून संकेतस्थळ बंद पाडले जाते, त्याला डीडॉस हल्ला म्हणतात. या दोन्ही प्रकारांत होणारी हानी बहुधा तात्पुरती असते, कारण संकेतस्थळ काही तासांत किंवा दिवसांत पूर्ववत करता येते. तिसरा प्रकार म्हणजे चोरलेला डेटा सार्वजनिक करणे, आणि तो पहिल्या दोहोंपेक्षा मुळातच वेगळा आहे, कारण त्यात झालेली हानी मागे घेता येत नाही.

मे २०२२च्या अखेरीस भाजपच्या तत्कालीन प्रवक्त्या नूपुर शर्मा यांनी प्रेषित महंमद यांच्याविषयी केलेल्या विधानानंतर ‘ड्रॅगनफोर्स मलेशिया’ या गटाने भारतीय संकेतस्थळांविरुद्ध मोहीम उघडली. ठाणे पोलिसांच्या संकेतस्थळावर जगभरातील मुस्लिमांची माफी मागण्याची मागणी झळकली, ती याच लाटेत. त्याच वर्षी जुलैमध्ये अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने दिलेल्या माहितीनुसार, या गटाने आणि ‘हॅक्टिव्हिस्ट इंडोनेशिया’ने मिळून दोन हजारांहून अधिक संकेतस्थळांना लक्ष्य केले होते आणि अनेकांच्या आधार व पॅन कार्डांचा तपशीलही उघड केला होता. ज्या विधानाबद्दल हा राग होता, त्याच्याशी त्या कार्डधारकांचा कोणताही संबंध नव्हता, तरीही निषेधाची झळ त्यांनाच पोहोचली.

डिसेंबर २०१६ मध्ये ‘लीजन’ नावाच्या गटाने राहुल गांधी, उद्योगपती विजय मल्ल्या आणि पत्रकार बरखा दत्त व रवीश कुमार यांची ट्विटर खाती ताब्यात घेतल्याचे प्रकरण गाजले, आणि त्यातील काहींच्या ई-मेलसह खासगी माहितीचे दुवेही त्या खात्यांवरून प्रसृत करण्यात आले. लक्ष्य केलेल्या व्यक्ती प्रसिद्ध असल्या, तरी कोणत्याही माणसाच्या ई-मेलमध्ये त्याच्या आप्तांची, डॉक्टरांची आणि सहकाऱ्यांची पत्रेही असतात. त्यामुळे एकाचा पत्रव्यवहार फोडणे म्हणजे त्याच्याशी विश्वासाने बोललेल्या शेकडो अपरिचितांना उघडे पाडणे ठरते.

या साधनाची मर्यादा सर्वांत स्पष्टपणे दिसली ती फिलिपिन्समध्ये. मे २०१६च्या निवडणुकीपूर्वी मतमोजणी यंत्रांमधील सुरक्षेच्या सोयी वापरात आणाव्यात, या मागणीसाठी ‘अनॉनिमस फिलिपिन्स’ने २७ मार्च रोजी तेथील निवडणूक आयोगाचे संकेतस्थळ विद्रूप केले आणि पाठोपाठ दुसऱ्या एका गटाने सुमारे साडेपाच कोटी मतदारांचा डेटासंच खुला केला. मागणी रास्त होती, परंतु निवडणूक सुरक्षित व्हावी म्हणून आवाज उठवणाऱ्यांनी मतदारालाच असुरक्षित केले. विशेष म्हणजे यांपैकी एक सोय वापरात आणावी, म्हणजे यंत्राने मतदाराला पावती द्यावी, असा आदेश तेथील सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च रोजी, म्हणजे या चोरीच्या आधीच, एका याचिकेवर दिला होता. त्याच सुमारास, एप्रिल २०१६ मध्ये, तुर्कस्तानच्या सुमारे पाच कोटी नागरिकांची नावे, राष्ट्रीय ओळख क्रमांक, जन्मतारखा आणि पत्ते राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्यावर टीका करणाऱ्या संदेशासह महाजालावर टाकण्यात आले. त्या यादीत एर्दोआन यांच्या समर्थकांबरोबरच त्यांचे विरोधकही होते.

एकदा फुटलेला डेटा पुढे कोणता प्रवास करतो, हे समजून घेतल्याशिवाय या हानीची कल्पना येत नाही. संच खुला झाला, की त्याच्या प्रती काही मिनिटांत टेलिग्रामच्या गटांवर आणि निरनिराळ्या देशांतील सर्व्हरांवर पसरतात, त्यामुळे मूळ ठिकाणाहून तो काढला तरी त्याचा उपयोग होत नाही. पुढे वेगवेगळ्या गळतींतील संच एकमेकांशी जुळवले जातात, म्हणजे एका संचातील मोबाइल क्रमांकाला दुसऱ्यातील पत्ता आणि तिसऱ्यातील बँकेचे नाव जोडले जाते आणि त्यातून एका माणसाचे संपूर्ण चित्र तयार होते. केवायसीच्या नावाने फोन करणारा भामटा समोरच्याची जन्मतारीख अचूक सांगू शकतो, तो अशा जुळवणीच्या बळावर. पासवर्ड बदलता येतो, पण जन्मतारीख, आईचे नाव आणि बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. शिवाय छळ करणाऱ्या नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या स्त्रीचा पत्ता जाहीर झाला, तर प्रश्न पैशांचा न राहता जिवाचा होतो.

हा प्रश्न महानगरांपुरता मर्यादित नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुका घेतला, तर साखर कारखान्यांच्या सभासदांच्या नोंदी, पतसंस्थांचे खातेदार, लोणीच्या रुग्णालयातील रुग्णांची कागदपत्रे, शिर्डीत मुक्कामाला येणाऱ्या भाविकांची ओळखपत्रे आणि सरकारी योजनांसाठी आधारशी जोडलेली शेतकऱ्यांची बँकखाती, अशी माहिती आता मोठ्या प्रमाणात संगणकावर साठलेली असते. याच तालुक्यातील पुणतांब्याच्या शेतकरी संपानंतर सरकारने जून २०१७ मध्ये सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा तिच्यासाठी शेतकऱ्यांना आधार क्रमांकासह ऑनलाइन अर्ज भरावे लागले. ज्यांनी आंदोलन केले, त्यांचीच माहिती अशा रीतीने सरकारी यंत्रणेत गेली. उद्या एखाद्या गटाने शेतकऱ्यांच्या बाजूने म्हणून अशी यंत्रणा फोडली, तर पहिला फटका शेतकऱ्यालाच बसेल.

निषेधाची किंमत निषेध करणाऱ्याने स्वतः मोजावी, हे जुने तत्त्वही पुणतांब्याच्या संपातून दिसते. १ जून २०१७ पासून शेतकऱ्यांनी दूध आणि भाजीपाला शहरांकडे पाठवणे थांबवले, तेव्हा तोटा प्रथम त्यांच्या स्वतःच्या घरात झाला. काही ठिकाणी इतरांचे दुधाचे टँकर अडवून दूध रस्त्यावर ओतले गेले आणि त्यावर टीका झाली, ती याच तत्त्वाच्या आधारे. मिठाच्या सत्याग्रहापूर्वी गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपला बेत आगाऊ कळवला होता. याच जिल्ह्यातील पारनेरचे सेनापती बापट मुळशी धरणाविरुद्धच्या लढ्यात उघडपणे उतरले आणि त्यांनी तुरुंगवास सोसला. मार्ग भिन्न असले, तरी कायदा मोडणाऱ्याने समोर यावे आणि निषेधाची किंमत स्वतः मोजावी, ही धारणा त्यांच्यात समान होती. डेटा फोडणारा हॅक्टिव्हिस्ट नेमके उलट करतो, कारण तो स्वतः टोपणनावाआड राहतो आणि किंमत मात्र ज्याला विचारलेही नाही अशा माणसाकडून वसूल करतो.

यावर असा प्रतिवाद केला जातो, की गुप्त कागद बाहेर काढल्याशिवाय सत्ताधाऱ्यांचे गैरव्यवहार उघड होत नाहीत आणि दडपशाहीच्या राज्यात ओळख लपवणे हाच एकमेव बचाव असतो. त्यात तथ्य आहे. परदेशी कंपन्यांआड दडवलेली संपत्ती उघड करणारे, एप्रिल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘पनामा पेपर्स’ही एका निनावी व्यक्तीनेच पुरवले होते. मात्र ते सुमारे एक कोटी १५ लाख दस्तऐवज शोधपत्रकारांनी महिनोनमहिने तपासले, सार्वजनिक हिताचे तेवढे छापले आणि पुढे कंपन्यांची सूची खुली करतानाही बँकखाती, पारपत्रे आणि खासगी पत्रव्यवहार त्यातून वगळले. सत्तेने काय केले हे दाखवणारी नोंद प्रकाशात आणणे आणि सत्तेकडे असलेली नागरिकांची यादी उधळणे, या दोन गोष्टींतील सीमारेषा यावरून स्पष्ट होते.

तथापि दोष केवळ हॅकरांचा नाही. एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी की नाही या प्रश्नावर, सूचना पाठवणाऱ्या दहा लाखांहून अधिक नागरिकांचे ई-मेल पत्ते दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, स्वतःच प्रसिद्ध केले होते. त्याच्या निषेधार्थ ‘अनॉनऑप्स इंडिया’ने ट्रायचे संकेतस्थळ बंद पाडल्याचा दावा केला, परंतु नागरिकांचा तपशील उघडा पडण्यासाठी तेथे हॅकरांची गरज भासली नव्हती. जुने सॉफ्टवेअर, सोपे पासवर्ड आणि गरजेपेक्षा अधिक माहिती साठवण्याची सवय यांमुळे चोराचे काम सोपे होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ नुसार अप्रामाणिकपणे वा कपटाने केलेल्या अनधिकृत प्रवेशासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच वेळी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३, याने माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या संस्थेसाठी २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली आहे.

याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) मात्र बदलले आणि वैयक्तिक माहिती म्हणून उत्तर नाकारण्याची मुभा अधिक रुंद केली. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्याला ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. त्या कायद्याने अर्जदाराला स्वतःच्या नावाने आणि सहीने सत्तेकडे हिशेब मागण्याचा हक्क दिला. हा रस्ता अरुंद होत गेला, तर चोरीच्या मार्गाने माहिती बाहेर काढणाऱ्यांना आयते समर्थन मिळेल. लोकशाहीत राज्यकर्त्यांचा कारभार उघडा आणि नागरिकाचे खासगी जीवन झाकलेले असावे लागते, पण निष्काळजी शासन आणि बेपर्वा हॅक्टिव्हिस्ट मिळून हा क्रम उलटा करतात.

म्हणून दोन्ही बाजूंवर जबाबदारी येते. संस्थांनी लागेल तेवढीच माहिती घ्यावी, काम संपल्यावर ती नष्ट करावी आणि चोरी झाल्यास संबंधितांना विनाविलंब कळवावे. ज्या तरुणांकडे यंत्रणेतील भगदाड शोधण्याचे कौशल्य आहे, त्यांनी ते सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या निदर्शनास आणावे, आणि सद्भावनेने दोष दाखवणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही, असे स्पष्ट संरक्षण सरकारने कायद्यात द्यावे. यंत्रणा कच्ची आहे हे सिद्ध करण्यासाठी तिच्यातील एकाही नागरिकाचे नाव जाहीर करण्याची गरज नसते. निषेधाचा हक्क अबाधित राहिलाच पाहिजे, परंतु दुसऱ्याचे खासगी आयुष्य पणाला लावण्याचा अधिकार त्या हक्कात येत नाही.